एक यार्ड! टेक्सास लाँगहॉर्न्सचं आता पुढे काय?

अनिकेत_ऑस्टिन | ११ जानेवारी २०२५, सकाळी ९:४०

आर्लिंग्टनच्या हॉटेलात बसून लिहितोय. रात्रभर डोळ्याला डोळा लागलेला नाही. मुलगा (यूटीत, म्हणजे टेक्सास विद्यापीठात, मेकॅनिकल, दुसरं वर्ष) शेजारच्या पलंगावर पांघरूण डोक्यावर घेऊन पडलाय. झोपलेला नाही, हे मला माहीत आहे.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी: अमेरिकन कॉलेज फुटबॉल, यूटीचा संघ लाँगहॉर्न्स, आणि कॉटन बोल, म्हणजे प्लेऑफची उपांत्य फेरी. ओहायो स्टेट २८, टेक्सास १४. आकड्यावरून वाटेल तसा हा एकतर्फी सामना अजिबात नव्हता. २१-१४ असताना शेवटच्या काही मिनिटांत चेंडू आमच्याकडे, तोही त्यांच्या एक यार्डावर, फर्स्ट डाउन. एक यार्ड म्हणजे तीन फूट. एक टचडाउन आणि बरोबरी.

पहिल्या डाउनला जेरिक गिब्सन मधून घुसला, शून्य. दुसऱ्याला चेंडू बाहेरच्या बाजूला विस्नरकडे टाकला, तो सात यार्ड मागे पकडला गेला. तिसऱ्याला पास वाया. चौथ्याला आठ यार्डांवरून आमचा क्वार्टरबॅक (चेंडू हाती घेऊन खेळ चालवणारा) क्विन युअर्स पास टाकायला मागे आला, त्यांच्या बचावातल्या जॅक सॉयरने त्याच्या हातातून चेंडू उडवला, स्वतःच उचलला आणि ८३ यार्ड पळत सुटला. आमच्यासमोरून गेला तो. सव्वादोन मिनिटं उरली होती. अख्खं स्टेडियम नारिंगी होतं, आणि एवढ्या माणसांचा आवाज एकदम बंद झाला.

प्रश्न असा: १३-३ असा हंगाम संपला. सलग दुसऱ्या वर्षी उपांत्य फेरीत हरलो. युअर्स बहुतेक जाणार, राखीव क्वार्टरबॅक आर्च मॅनिंग येणार. पुढचं वर्ष आपलं आहे का? की दार उघडं होतं तेव्हाच आत जायला हवं होतं?

माझं मत आधीच सांगतो. सगळे आर्चबद्दल बोलतायत. मला काळजी समोरच्या पाच जणांची, म्हणजे समोरच्यांना ढकलून वाट काढणाऱ्या आक्रमणाच्या लाइनची आहे. जो संघ एक यार्ड ढकलू शकत नाही, त्याचा क्वार्टरबॅक कोण आहे हा नंतरचा प्रश्न.

मृण्मयी_के | ११ जानेवारी, १०:१२

पोटात अजून गोळा आहे. पण लाइनला दोष देऊ नकोस. दुसऱ्या डाउनला एक यार्डावरून चेंडू बाहेर का फेकायचा? तीन प्रयत्न हातात आहेत, सरळ मधून जा. तो निर्णय सार्कचा. आवडता प्रशिक्षक आहे माझा, पण कालची रात्र त्याच्या नावावर.

नाना_ह्यूस्टनकर | ११ जानेवारी, १०:३०

मृण्मयीला पूर्ण अनुमोदन. आणि आर्च कुठे होता? त्याच सामन्यात एका प्लेसाठी आला आणि ८ यार्ड धावून फर्स्ट डाउन काढून गेला. सहा फूट चार इंचाचा, पळणारा मुलगा. एक यार्डावर त्याला आणलं की बचावाला दोन गोष्टींची चिंता करावी लागते. बाकावर बसवून ठेवला!

पोस्टडॉक | ११ जानेवारी, ११:०५

नाना, मृण्मयी, दोघांनाही एकच विचारतो. पहिल्या डाउनला सरळ मधूनच गेलो होतो ना? काय मिळालं? शून्य. म्हणून सार्कला बाहेर जावंसं वाटलं. बाहेर जाणं चूक होतं हे मान्य, पण माणूस बाहेरचा रस्ता शोधतो तो आतला बंद असतो म्हणून.

आणि ही कालची गोष्ट नाही. ऑक्टोबर २०२३, डॅलसला ओक्लाहोमाविरुद्ध. आठवतंय? एक यार्डावर फर्स्ट डाउन, चार प्रयत्न, चारही वाया. सामना ३४-३० ने गेला. मग १ जानेवारी २०२४, शुगर बोल, वॉशिंग्टन. १५ सेकंद उरलेली, चेंडू त्यांच्या १२ यार्डांवर, शेवटचा पास कोपऱ्यात अडवला, ३७-३१. आणि आता हे. पंधरा महिन्यांत तीनदा आम्ही गोल लाइन डोळ्यांसमोर असताना हरलोय. क्वार्टरबॅक तोच, प्रशिक्षक तोच, लाइनही बरीचशी तीच.

या वर्षी जॉर्जियाशी दोनदा खेळलो. दोन्ही सामन्यांत धावून मिळवलेले यार्ड चाळिशीलाही पोचले नाहीत. काल साठीच्या आत. मोठ्या, जाड बचावासमोर आमचा धावता खेळ नाहीसाच होतो. म्हणून अनिकेतच्या बाजूने माझं मत.

रंकाळा | ११ जानेवारी, ११:२० (भारतात रात्र झाली!)

मंडळी, माफ करा, मध्येच घुसतोय. कोल्हापूरचा माणूस मी, फुटबॉल म्हटलं की डोळ्यांपुढे शाहू स्टेडियम येतं. धाग्यात हंगाम संपला वाचून धावत आलो आणि बघतोय तर हातात चेंडू घेऊन पळायचं चाललंय. पण दुःख ओळखीचं वाटलं म्हणून थांबलो. जरा समजावून सांगा, हे डाउन म्हणजे काय आणि एका यार्डासाठी एवढी माणसं का रडतायत?

मृण्मयी_के | ११ जानेवारी, ११:४४

रंकाळा, या, बसा. कबड्डी माहीत आहेच तुम्हाला. समजा तुमच्या संघाला चार चढाया मिळाल्या, आणि त्या चारांत मिळून दहा यार्ड पुढे सरकायचं. सरकलात की पुन्हा नव्या चार चढाया. नाही सरकलात तर चेंडू समोरच्यांचा. प्रत्येक चढाईला डाउन म्हणायचं. असं करत करत समोरच्यांच्या शेवटच्या रेषेपलीकडे पोचलात की टचडाउन, सहा गुण, आणि मग चेंडू खांबांमधून मारून वर एक.

आता एक यार्डावर फर्स्ट डाउन म्हणजे चार चढाया हातात आणि रेषेला फक्त हात लावायचा बाकी. आणि आम्ही पुढे जायचं सोडून सात यार्ड मागे आलो. एवढी माणसं का रडतायत ते आता सांगायला नको.

रंकाळा | ११ जानेवारी, ११:५८

कळलं. निदान रेषेला बोट टेकणार आणि मागून घोटा धरला. लई वाईट वाटतं भावांनो. आमच्याकडे पेठेचा संघ हरला की गल्लीत दोन दिवस कुणी मोठ्यानं बोलत नाही. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस... ज्या तालमीचा तू, त्या तालमीचाच जन्मभर. घरात सून दुसऱ्या पेठेतली आली तर फायनलच्या दिवशी जेवायची ताटं वेगळ्या खोल्यांत. तुमचं कॉलेज म्हणजे आमची तालीम, असंच ना?

अनिकेत_ऑस्टिन | ११ जानेवारी, दुपारी १२:३५

रंकाळा, याहून नेमकं मला सांगता आलं नसतं. मी ९८ साली एमएस करायला ऑस्टिनला आलो. पहिल्या सेमिस्टरला कुणाशी काय बोलायचं तेच कळायचं नाही. लॅबमधल्या एकाने स्टेडियमवर नेलं. बँड सुरू झाला, सगळे उठले, तर्जनी आणि करंगळी वर करून हात उंचावला, मीही केला. त्या शहरात मला कुणी आपलं म्हटलंय असं त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. म्हणून काल बर्फातून गेलो. डॅलसच्या आसपास दोन दिवस बर्फ पडत होता, तीन तासांच्या रस्त्याला साडेपाच लागले. मुलाला म्हटलं होतं, तुझ्या जन्माआधी मी २००६ चा रोझ बोल पाहिला, व्हिन्स यंगने युएससीला ४१-३८ हरवलं तो. तुझ्या वाट्याला हा येईल.

नाही आला.

स्कार्लेट_सुमेधा | ११ जानेवारी, १:१५

कोलंबसहून. तुमच्या दुखऱ्या धाग्यावर यावं की नाही याचा तासभर विचार केला. जिंकल्याचा आनंद आहे, तो लपवत नाही. पण अनिकेत, तुझी शेवटची ओळ वाचून इथे लिहिल्याशिवाय राहवेना.

एक गोष्ट कुणी बोललं नाही म्हणून सांगते. सॉयर आणि युअर्स २०२१ मध्ये आमच्याकडे एकाच खोलीत राहायचे. युअर्स मग टेक्सासला गेला. ज्याने चेंडू उडवला आणि ज्याच्या हातातून उडाला ते खोलीमित्र. सॉयर कोलंबसच्या शेजारच्या गावचा, चार वर्षं मिशिगनकडून हरला, आणि त्याला हा क्षण मिळाला. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते त्याच्यासाठी.

आणि तुमच्या बचावाला माझा सलाम. जेरेमाया स्मिथ हा आमचा पोरगा, ओरेगॉनची त्याने दाणादाण उडवली होती. काल एक झेल, तीन यार्ड! असं या वर्षी कुणालाही जमलं नव्हतं.

पोस्टडॉक | ११ जानेवारी, १:४०

सुमेधा, धन्यवाद. स्मिथला बांधून ठेवणं हे खरंच मोठं काम होतं. त्याची किंमत पहिल्या अर्धाच्या शेवटी मोजली. आम्ही ७-७ केलं, अर्ध्या मिनिटापेक्षाही कमी वेळ उरला होता. सगळ्यांचं लक्ष लांब पासकडे, आणि त्यांनी छोटा स्क्रीन पास टाकला. हेंडरसन ७५ यार्ड पळाला. त्या एका प्लेबद्दल गोल लाइनइतकंच बोललं पाहिजे. १४-७ ने आत जाणं आणि ७-७ ने आत जाणं यात फार फरक आहे.

नाना_ह्यूस्टनकर | ११ जानेवारी, २:२०

बचाव पुढच्या वर्षीही भक्कम राहील. कॉलिन सिमन्स पहिल्याच वर्षात ९ सॅक (क्वार्टरबॅकला चेंडूसह मागेच पाडणं) घेऊन बसलाय, अँथनी हिल परत येतोय. बॅरन मात्र गेला, मागच्या फळीतल्या सर्वोत्तम बचावपटूचा थॉर्प पुरस्कार घेतलेला कॉर्नर रोज मिळत नाही. तरी बचावाची मला चिंता नाही. मी पुन्हा आर्चवरच येतो. युअर्सला तीन वर्षं दिली. आता वेळ झाली.

केतकी_एस | ११ जानेवारी, ३:०५

नाना, युअर्सबद्दल असं बोललेलं मला आवडत नाही. तो आला तेव्हा आपण कुठे होतो? २०२१ ला ५-७. घरच्या मैदानावर कॅन्ससकडून ५७-५६ हरलो होतो, कॅन्ससकडून! त्याने टस्कलूसाला जाऊन अलाबामाला ३४-२४ हरवलं. बिग १२ ही आपली तेव्हाची साखळी जिंकली. दोनदा उपांत्य फेरी. गेल्या वर्षी आणि या वर्षी, दोन्ही वर्षी पहिल्या चारात असलेला देशात एकच संघ आहे आणि तो आपला आहे. या वर्षी पोटाचा स्नायू दुखावला, घोटा दुखावला, तरी खेळला. दहा दिवसांपूर्वी ॲरिझोना स्टेटविरुद्ध चौथा डाउन, १३ यार्ड हवे होते, हरलो तर घरी. त्याने गोल्डनला २८ यार्डांचा टचडाउन टाकला. तो पास नसता तर कालचा सामनाच नव्हता.

ऑक्टोबरमध्ये जॉर्जियाविरुद्ध त्याला बाहेर बसवून आर्चला आणलं, तेव्हा आपल्याच लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी तिथे होते. मला लाज वाटली त्या दिवशी. एकवीस वर्षांचा आहे तो.

नाना_ह्यूस्टनकर | ११ जानेवारी, ३:२८

केतकी, रागावू नकोस. तुझं खरं आहे, मी घाईत लिहिलं. पोराने मनापासून खेळ केला. माझं म्हणणं फक्त पुढच्या वर्षापुरतं.

धुळेकर_इन_डॅलस | ११ जानेवारी, सायं. ५:१०

वेगळा मुद्दा. आता ही कॉलेजची पोरं राहिलीत का? २०२१ पासून नाव आणि चेहरा विकून पैसे घ्यायला परवानगी मिळाली. संघ बदलायलाही आता मोकळीक. गोल्डन ह्यूस्टनहून आला, बॉन्ड अलाबामाहून, युअर्स स्वतः ओहायोहून. रंकाळा म्हणतात तशी तालीम नाही राहिली ही. दरवर्षी नवी भरती. मग आपण कुणासाठी रडतोय?

रंकाळा | १२ जानेवारी, सकाळी (तुमची रात्र)

धुळेकर, आमच्याकडेही बाहेरचे खेळाडू येतात की. नायजेरियाचे पोरगे येऊन खेळलेत पेठांकडून. पहिल्या वर्षी म्हातारे कुरकुरले. मग त्यानं फायनलला गोल मारला, मिरवणुकीत खांद्यावर घेतला, आणि संध्याकाळी त्याच म्हाताऱ्यांनी त्याला तांबडा-पांढरा वाढला. जर्सी घातली की तो आपलाच. मी तरी असंच बघतो.

केतकी_एस | १२ जानेवारी, ८:५०

रंकाळा, काय छान लिहिलंत!

धुळेकर, दुसरी बाजूही बघा. जेक मेजर्स, आपला सेंटर, म्हणजे लाइनच्या मधला, ५-७ च्या वर्षीही होता आणि परवाही होता. कॅन्ससवाली रात्र सोसली त्याने. केल्विन बँक्स पहिल्या वर्षापासून डावा टॅकल, म्हणजे लाइनच्या डाव्या टोकाचा, यंदा आउटलँड आणि लोम्बार्डी हे दोन्ही पुरस्कार घेतले. हे कुठेही गेले नाहीत. पैसे मिळाले असतील, मिळायलाच हवेत, एक लाख माणसं तिकीट काढून त्यांना बघायला येतात.

मृण्मयी_के | १२ जानेवारी, १०:००

मुद्द्यावर येऊ या का? अनिकेतचा प्रश्न पुढच्या वर्षाचा आहे. मी हंगामाची शेवटची हार आणि नंतरचं वर्ष अशा जोड्या आठवत बसले होते.

मिशिगन: ३१ डिसेंबर २०२२, अपराजित असताना टीसीयूकडून ५१-४५ हरले. पुढच्या वर्षी १५-०, विजेते.
जॉर्जिया: जानेवारी २०१८, अंतिम सामन्यात अलाबामाकडून जादा वेळेत २६-२३. चषक यायला पुढची चार वर्षं लागली.
आणि आपण: ७ जानेवारी २०१०, अलाबामाकडून ३७-२१. कोल्ट मकॉय सुरुवातीलाच खांदा धरून बाहेर गेला तो सामना. पुढच्या वर्षी ५-७.

म्हणजे अशा हारेनंतर काहीही होऊ शकतं.

अनिकेत_ऑस्टिन | १२ जानेवारी, ११:३०

२०१० च्या आठवणीने काटा आला. मृण्मयी, त्या जोड्यांत एक धागा आहे बघ. मिशिगनचे धावणारे आणि क्वार्टरबॅक परत आले, ते समोरच्याला ढकलत राहिले. आपल्याकडे २०१० ला मकॉय गेला एवढंच लोकांना आठवतं. धावता खेळ त्याआधीच आटला होता, मकॉय ते झाकून घेत होता. तो गेला आणि झाकण उघडलं.

म्हणूनच मला आर्चची भीती वाटते, म्हणजे आर्चसाठी भीती वाटते. आजोबा आर्ची, काका पेटन आणि एली. दोन सामने सुरुवातीपासून खेळलाय, लुइझियाना-मन्रो आणि मिसिसिपी स्टेट. यूटीएसएविरुद्ध ६७ यार्ड पळाला तो क्षण मी डोळ्यांनी पाहिलाय, स्टेडियम हललं होतं. पण त्याच्यासमोर भिंत नसेल तर त्या आडनावाचं ओझं त्याच्या एकट्याच्या खांद्यावर येईल.

स्कार्लेट_सुमेधा | १४ जानेवारी, ९:१५

आज संक्रांत. सगळ्यांना तिळगूळ, टेक्सासवाल्यांना एकेक लाडू जास्त.

अनिकेतच्या लाइनच्या मुद्द्यावर आमच्या घरची गोष्ट. ३० नोव्हेंबरला आम्ही घरच्या मैदानावर मिशिगनकडून १३-१० हरलो. सलग चौथ्यांदा. त्या रात्री कोलंबसमध्ये प्रशिक्षक रायन डेला काढा याशिवाय दुसरं बोलणं नव्हतं. माझा नवरा जेवला नाही. आमची लाइन तेव्हा मोडलेली होती: डावा टॅकल जॉश सिमन्स ऑक्टोबरमध्ये ओरेगॉनला गुडघ्याने गेला, सेंटर मॅक्लॉक्लिन नोव्हेंबरमध्ये टाचेच्या शिरेने गेला. मग डोनोव्हन जॅक्सन, जो गार्ड (सेंटर आणि टॅकलच्या मधला), त्याला टॅकलला उभा केला. सुरुवातीला त्याची तारांबळ उडाली. पण तीन आठवडे मिळाले आणि बसला तो तिथे. टेनेसीला ४२-१७, ओरेगॉनला ४१-२१. क्वार्टरबॅक बदलला नाही, प्रशिक्षक बदलला नाही. पाच जण एकमेकांना ओळखायला लागले एवढंच.

तेव्हा लाइन जमायला वर्ष लागतंच असं नाही. पण शहाणा माणूस योग्य जागी उभा करावा लागतो.

पोस्टडॉक | १४ जानेवारी, ९:५०

तिळगूळ मिळाला. जॅक्सनचा मुद्दा फार मोलाचा. आपल्याकडे तसा माणूस म्हणजे ट्रेव्हर गूस्बी. बँक्स जायबंदी होता तेव्हा टेक्सास ए अँड एमविरुद्ध, त्यांच्या काईल फील्डच्या त्या गोंगाटात, डाव्या टॅकलला उभा राहिला. १७-७ जिंकलो. २०११ नंतर पहिल्यांदा त्यांच्याशी खेळत होतो आणि त्या पोराने कुणाला क्वार्टरबॅकपर्यंत जाऊ दिलं नाही असं वाटावं इतका शांत खेळला.

मृण्मयी_के | १६ जानेवारी, ७:४०

बातमी आलीच. युअर्स एनएफएलच्या, म्हणजे व्यावसायिक लीगच्या, ड्राफ्टला जातोय. बँक्स जाणार हे गृहीतच होतं, उजवा टॅकल कॅमेरॉन विल्यम्सही जातोय. मेजर्स आणि हेडन कॉनर यांची वर्षं संपली. म्हणजे पाचपैकी चार गेले. एकटा डीजे कॅम्पबेल उरतो.

अनिकेत, पहिल्या दिवशी मी तुला लाइनला दोष देऊ नकोस म्हटलं होतं. आज तोच आकडा बघून माझ्याही पोटात धस्स झालं.

नाना_ह्यूस्टनकर | १६ जानेवारी, ८:२५

मला उलट वाटतं, ऐका. याच लाइनने एक यार्ड ढकलला नाही ना? मग तीच परत आली असती तर काय वेगळं झालं असतं? पास अडवायला ती उत्तम होती, ढकलायला नव्हती. आता कॅम्पबेल, गूस्बी, हटसन, पोरगेला ब्रँडन बेकर. अवजड, भुकेली पोरं. चेंडू घेऊन धावणारा बॅक्स्टर गेल्या ऑगस्टमध्ये गुडघा मोडून बसला होता तो परत येईल. गोल लाइनवर विस्नरऐवजी बॅक्स्टर असता तर सात यार्ड मागे नसतो आलो, असं माझं मन म्हणतं.

पोस्टडॉक | १६ जानेवारी, ८:५५

नाना, हा मुद्दा मला पटला. मी तीन दिवस लाइन तीच राहिली पाहिजे या बाजूने विचार करत होतो. उलट बाजूने पाहिलंच नव्हतं. पण चार नवे म्हणजे एकमेकांच्या खुणा, कोण कुणाला घेणार, हे सगळं पुन्हा पहिल्यापासून. आणि सरावाला वेळ कुठे आहे? पहिलाच सामना ३० ऑगस्टला. कुठे, कुणाशी, ते सुमेधा सांगेल.

स्कार्लेट_सुमेधा | १६ जानेवारी, ९:१०

कोलंबसला. आमच्याशी. :)

सगळ्यांनी या. घर मोठं आहे, गाद्या आहेत, पुरणपोळी मी करीन. सामन्याचे साडेतीन तास सोडून बाकी सगळा वेळ आपण मित्र.

केतकी_एस | १६ जानेवारी, ९:३२

मी येणार! लिहून ठेव.

मग जॉर्जियाला त्यांच्या घरी अथेन्सला, फ्लोरिडालाही त्यांच्याकडे. ए अँड एम मात्र ऑस्टिनला येतायत. यंदाच्यापेक्षा वेळापत्रक कठीण आहे. तरी १२ संघांचं प्लेऑफ आहे आता, दोन हरलो तरी आत जाता येतं. यंदा आपण पाचव्या मानांकनाने गेलो, ओहायो आठव्या.

धुळेकर_इन_डॅलस | २१ जानेवारी, सकाळी ७:३०

सुमेधाताई, अभिनंदन. नोत्र दामला ३४-२३. तुमच्याकडून हरलो ते विजेत्यांकडून हरलो.

मी वर तालमीबद्दल जे लिहिलं होतं त्यावर रोज विचार करतोय. काल अंतिम सामना बघताना माझी आठ वर्षांची लेक विचारत होती, बाबा आपले लोक कुठे आहेत? आपले लोक. कुणी शिकवलं तिला? रंकाळा, तुमचं खरं आहे.

रंकाळा | २१ जानेवारी, रात्री (तुमची सकाळ)

तिला सांगा, आपले लोक ऑगस्टला येतायत. मीपण सकाळी उठून बघणार. इतक्या लांबून एक पेठ वाढली तुमची.

अनिकेत_ऑस्टिन | २१ जानेवारी, १०:४५

सुमेधा, मनापासून अभिनंदन. सॉयरसाठीही.

दहा दिवसांपूर्वी विचारलेल्या प्रश्नाचं माझ्यापुरतं उत्तर लिहितो. पुढच्या वर्षी विजेतेपद? मला नाही वाटत. चार नवे लाइनमन, पहिल्यांदा पूर्ण हंगाम खेळणारा क्वार्टरबॅक, पहिलाच सामना विजेत्यांच्या घरी. सप्टेंबरमध्ये आपण अडखळू, आणि तेव्हा केतकीचं म्हणणं लक्षात ठेवा, आर्चला टाळ्या-शिट्ट्यांनी टोचू नका. पण नानांचा मुद्दा माझ्या मनात घर करून बसलाय. ढकलणारी लाइन बनवायची संधी आहे ती हीच. नोव्हेंबरपर्यंत ती जमली, गूस्बी टिकला, बॅक्स्टरचा गुडघा टिकला, तर ए अँड एम ऑस्टिनला येतील तेव्हा आपण कुणालाही भारी पडू.

शनिवारी मुलगा आणि मी स्टेडियमवरून चालत गेलो. रिकामं, सगळी दारं बंद. कुंपणापाशी उभा राहून तो म्हणाला, बाबा, कोलंबसला जाऊ. मी म्हटलं, तिकिटं मिळतील का बघतो. तो म्हणाला, गोल लाइनच्या मागची बघ.

सुमेधा, आमच्या दोन गाद्या धर.